बरणीतली पाळी

भाचीच्या ओट्यावर चार बरण्या. जवस, भोपळ्याच्या बिया, तीळ, सूर्यफुलाच्या बिया. पाळीनंतर पहिले पंधरा दिवस पहिल्या दोन, पुढचे पंधरा दिवस दुसऱ्या दोन. प्रत्येक बरणीवर तारखांची चिठ्ठी. पाळी मात्र तीन महिने आलेली नाही. मग पंधरा दिवस मोजायचे कुठून?

म्हणे जवस इस्ट्रोजेन सांभाळतो, तीळ प्रोजेस्टेरॉन. जवसात लिग्नान असतात, इस्ट्रोजेनशी नातं सांगणारे. पण तिळातही लिग्नानच असतात! मग सोळाव्या दिवशी बदललं काय?

बरणी.

ही द्रव्यं खोटी नाहीत. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनात. दोष निघाला कुरणातल्या क्लोव्हरमधल्या अशाच इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांचा. पण मेंढी दिवसभर तेच चरत होती. आपण चमचाभर खातो.

बायकांवरही प्रयोग झाले, अशीच द्रव्यं असलेल्या सोयाचे. १९९४च्या एका अभ्यासात महिनाभर रोज ६० ग्रॅम सोया प्रथिनं दिली, पाळीच्या चक्राचा पूर्वार्ध लांबला. बायका किती? सहा. २००९मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाळी लांबलेली दिसली सरासरी एका दिवसाने. एका दिवसासाठी चार बरण्या?

घाबरवणारेही कमी नाहीत. ‘मुलीला सोयाबीन देऊ नकोस, पाळी बिघडेल.’ आठवड्यातून एकदा वाटीभर सोयावडीने काय बिघडणार?

शिवाय प्रत्येकीचं पोट वेगळं. सोयातल्या डेडझिनपासून इक्वॉल नावाचं जास्त जोरकस द्रव्य तयार करतात ते आतड्यातले जिवाणू, आणि ते सगळ्यांकडे नसतात. तरी चमचा सगळ्यांना एकच!

माझी आजी जवस तडतडेपर्यंत भाजायची, लसूण-तिखट-मीठ घालून खलबत्त्यात कुटायची. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो, हे तिला पक्कं ठाऊक. भाकरीवर तेल, वर ती चटणी. त्या चटणीला तिने कधी औषध म्हटलं नाही.

तीन महिने पाळी चुकली तर आधी दिवस गेलेत का ते बघायचं. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय निघाला. यातलं बरणीत काय दिसतं?

भाचीला शेवटी हाताला धरून नेलं. थायरॉइड निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. डॉक्टरांनी बजावलं, गोळीबरोबर सोया-दूध नको, ती अंगी नीट लागत नाही.

ती तीन महिने रोज सकाळी बियांची पूड सोया-दुधातूनच घेत होती.