तिकीट माफ, पायरी नाही

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला एसटीत तिकीट पडत नाही. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. योजना चांगली आहे. तिच्यामुळे किती आज्या लेकीच्या घरी, किती आजोबा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागले, हे सकाळी कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं.

पण तिकिटाच्या आधी पायरी येते. ती कुणी माफ केलेली नाही.

शहरातल्या लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटरवर असतो. जुन्या धाटणीच्या बसचा त्याच्या दुपटीहून उंच. गुडघे धरलेल्या बाईने एवढी उंची दोन-तीन पायऱ्यांत चढायची. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी, आणि मागे तीस माणसं. त्यातल्या निम्म्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा आधीच धरलेली. तरी घाई त्यांनाच.

गेल्या महिन्यात त्या दारात माझी आई होती. पहिल्या पायरीवर पाय टेकवून थांबली. मागून आवाज आला, “आजी, चढा नाहीतर बाजूला व्हा.” एका पोराला दया आली. त्याने वरून तिचा काठीचा हात धरला आणि ओढलं. पोरगा मनाने चांगला होता, पण आई पडता पडता वाचली.

मग कंडक्टर खाली उतरला. “ओढू नका कुणी. आजी, कुठला पाय बरा आहे?”

“डावा.”

“मग डावा आधी वर टाका. दांडा धरा. मी मागं आहे, सावकाश.”

ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, तेव्हाच डबल बेल वाजली. मी घड्याळ पाहत होतो. चाळीस सेकंद गेले.

त्या माणसाने जे केलं ते फिजिओथेरपिस्ट अगदी तसंच शिकवतात. चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आधार देणारा नेहमी खालच्या बाजूला. म्हणजे चढताना मागे, उतरताना पुढे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात असते, आणि तो हात कधीच धरायचा नाही, कारण सगळा तोल त्याच्यावर असतो. दंड पकडून ओढण्यापेक्षा आपला हात पुढे करावा आणि त्यांना धरू द्यावं. आणि या सगळ्याआधी विचारावं, “कसा आधार देऊ?” हे तीन शब्द आपल्याला सुचत नाहीत. म्हातारं माणूस दिसलं की आपण एकतर नजर चुकवतो, नाहीतर पोतं उचलावं तसं त्याला उचलतो.

उतरण्याचंही तेच. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. तरी थांबा आला की “चला, चला, उतरा” हा ओरडा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्याच पाठीवर बसतो.

बस एक झाली. बँकेचा जिनाही तोच. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ वॉकर घेऊन गेले. शाखा पहिल्या मजल्यावर. खाली निरोप आला, “वर यावं लागेल.” सत्तरीपुढच्या ग्राहकांना हा दाखला देण्यासह बँकेची मूलभूत सेवा घरी मिळावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच दिलेली आहे. ती त्या काउंटरवर कुणाला माहीत नव्हती, आणि जिना उतरून खाली यावं असंही कुणाला वाटलं नाही. ते गृहस्थ तेवीस पायऱ्या बसत बसत चढले.

काही ठिकाणी उतार बांधलेला असतो. बरा उतार म्हणजे एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. आपल्याकडे तीन फुटांत संपवतात. तो स्कूटर चढवायचा उतार आहे, वॉकरचा नव्हे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. सार्वजनिक जागा सुगम्य करण्याचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगावं लागलं. पायऱ्या बदलतील तेव्हा बदलतील. तोवर त्या पायरीपाशी उभा असलेला माणूसच काय तो आधार, आणि तो माणूस बहुतेक वेळा तुम्ही किंवा मी असतो.

खुब्याचं हाड मोडलेलं एखादं माणूस प्रत्येक घराच्या ओळखीत असतं. त्या भीतीनेच म्हातारी माणसं हळूहळू बाहेर पडायची थांबतात. आधी लग्नकार्य सुटतं, मग देऊळ, मग कोपऱ्यावरचं दुकान. घरचे म्हणतात, “आता त्यांना आवड राहिली नाही.” आवड असते हो. दारातल्या त्या चाळीस सेकंदांची धास्ती असते.

माझी आई दोन वर्षांनी माहेरच्या गावी निघाली होती. गाडी स्टँडबाहेर पडली तरी ती पुढे कंडक्टरकडेच पाहत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “परतीच्या गाडीला हाच असेल का रे?”