अण्णांची मान

"वहिनी, ऐकलंत का? अण्णांना ना साखर, ना लिव्हरचं काही. त्यांना म्हणे इसब झालंय!"

पापडांवरचे कावळे हाकता हाकता काकूंनी भिंतीवरून बातमी टाकली. मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि बाहेर आले. असली बातमी कुकरच्या शिट्टीत ऐकायची नसते.

अण्णा म्हणजे अधारतालातल्या आमच्या गल्लीच्या टोकाचे, खमरिया फॅक्टरीतून रिटायर झालेले. गेले दोन-तीन पावसाळे त्यांची मान हत्तीच्या कातडीसारखी जाड आणि काळी पडत चालली होती. पापण्या सुजलेल्या, कोपरांच्या लवणात ओरबाडे. थंडीत जरा उतार पडायचा, पाऊस लागला की पुन्हा सुरू. निदान गल्लीनं केव्हाच करून टाकलं होतं. काकूंचं मत साखर, माझ्या सासूबाईंचं मत रक्त बिघडलंय, कडुलिंब प्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणाला दाद, म्हणजे नायटा आहे, आणि ट्यूब दिली.

"त्या ट्यूबनं तर घात केला," काकू म्हणाल्या. "चार दिवस बरं वाटायचं, सोडली की दुप्पट. शेवटी ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरीणबाई अशा रागावल्या! म्हणे त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळंच कालवलेलं असतं. साधा नायटा असला तरी स्टिरॉइडनं त्याची गोल कडा पुसली जाते, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही."

"पण चिठ्ठीशिवाय देतातच कसे? 2018 मध्ये सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायची असा नियम केलाय ना?"

"नियम दिल्लीत, ट्यूब अधारतालात."

यावर मी काय बोलणार!

"बरं, मग कळलं कसं? रक्ताचा रिपोर्ट आला?"

"रक्त काढलंच नाही हो! आधी मानेची सालपटं खरवडून काचेवर घेतली, औषधाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितली. बुरशी नाही. मग विचारलं, रात्री घरात आणखी कोणी खाजवतं का? बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे का? म्हणजे खरूज नाही ना ते बघायला. आणि मग चष्मा काढायला लावला. वरच्या पापण्या बघितल्या, कानामागे बघितलं, मान वर करून हनुवटीखाली बघितलं. आणि म्हणाल्या, हे उन्हाचं नाही."

"ते कसं?"

"तुम्हीच सांगा, ऊन कुठे पोचत नाही? वरच्या पापणीवर, कानामागे, हनुवटीच्या सावलीत. नुसत्या उन्हाचं असतं तर या जागा कोऱ्या राहिल्या असत्या. अण्णांच्या नेमक्या याच जागा जास्त बिघडल्यात. म्हणजे हवेतून काहीतरी उडून बसतंय. मग पुढचा प्रश्न, फिरायला कुठे जाता?"

फिरायला कुठे जातात ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटांमधून, जिथे भाद्रपदात गाजर घास कमरेच्या वर जाते आणि पांढऱ्या बारीक फुलांनी सगळं पिठूळ दिसतं.

"तरी खात्री म्हणून पाठीवर पट्ट्या लावल्या," काकूंना आता रंग चढला होता. "एकेका चौकोनात एकेक पदार्थ. कशात निकेल, कशात सुगंधाचा अर्क, एकात गाजर घास. 48 तास पाठ भिजवायची नाही. अण्णांची आंघोळ बंद! अण्णांच्या बायकोनं त्यांना देवघराच्या बाहेर बसवलं होतं. पट्ट्या काढल्या तर एकच चौकोन लालभडक, वर बारीक फोड. दोन दिवसांनी परत दाखवायला बोलावलं, कारण काहींचं उशिरा उठतं. तोच चौकोन आणखी फुललेला."

आता यातली गंमत बघा. ज्या घासेनं अण्णांची मान खाल्ली, तिच्यावर अभ्यास करणारं देशाचं सरकारी केंद्र याच अधारतालात, महाराजपूरला आहे. 1989 पासून. खरपतवार अनुसंधान निदेशालयाची पाटी आपण रोज येता-जाता वाचतो आणि पुढे जातो. दर वर्षी 16 ते 22 ऑगस्ट ते लोक गाजर घास जागरूकता सप्ताह करतात, घास खाणारे मेक्सिकन भुंगे वाढवून वाटतात. हे भुंगे पावसाळ्यात पानांची चाळण करतात, थंडीत जमिनीत जाऊन झोपतात.

"आणि ही बला आली कुठून?" काकू.

"तुमच्या माहेराहून."

"पुण्याहून? काहीतरीच!"

पण खरंच. मूळ अमेरिका खंडातलं हे तण आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं. अमेरिकन गव्हाबरोबर बी आलं असं लोक सांगतात, आणि तिकडे कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. त्याआधीचे जुने नमुनेही सापडलेत, तेव्हा सगळा दोष गव्हावर टाकू नये. एकेक झाड हजारांनी बिया टाकतं. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला झोंबतं, आणि ते फुलोऱ्यात असतं तसं पानाच्या लवेत, वाळक्या भुशातही असतं. म्हणून झाडाला हात न लावताही त्रास होतो.

काकू एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या नातवाच्या कोपरातही तसंच येतं हो. त्यालाही घासच का?"

नातू चार वर्षांचा, नागपूरला असतो, रिकाम्या प्लॉटात पाऊल टाकलेलं नाही. माझ्या भाचीचं झालं होतं तेव्हा मी हे सगळं ऐकून बसले आहे, म्हणून म्हटलं, "काकू, ते वेगळं इसब. त्याला ना पट्टी लागते, ना रक्त. रक्तातली ॲलर्जीची पातळी काही मुलांत वाढते, काहींत नाही, तिच्यावरून निकाल देत नाहीत. हॅनिफिन आणि रायका नावाच्या दोघा डॉक्टरांनी 1980 मध्ये खुणा ठरवून दिल्या, त्याच अजून चालतात. खाज हवीच असं समजा. पुरळ ठरावीक जागी, तान्ह्याला गालावर, मोठ्या मुलाला कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणात. जाऊन-येऊन राहणारं. आणि घरात कोणाला दमा, सर्दी-शिंका."

"जावयांना दमा आहे!"

"मग डॉक्टर तेच विचारतील."

"पण इतकं झालंय का हो हे मुलांना?"

गावागावावर आहे. जगभरच्या साठ देशांत सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांना एकच प्रश्न विचारला होता, गेल्या वर्षात लवणांत खाजणारं पुरळ आलं का. इक्वेडोरच्या कीटो शहरात शंभरातल्या 22.5 जणांनी हो म्हटलं. सगळ्यांत खाली कोण? आपलं जोधपूर, 0.9. शंभरात एकही धड नाही. पण प्रश्नावलीतला आकडा कमी म्हणून घरातल्या पोराची खाज कमी होत नाही, आणि मला विचाराल तर आपल्याकडे निम्म्या आया हे "गर्मी निघाली" म्हणून सोडून देतात. बहुतेकांचं पाच वर्षांच्या आतच सुरू होतं. मोठेपणी पुष्कळांचं ओसरतंही.

अण्णांचं तसं नाही. गाजर घासेची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची. औषधानं आवाक्यात येते, पण घास टाळावीच लागते. तेव्हा यंदा काकूंनी ठरवलंय, कॉलनीमागचे प्लॉट फुलं यायच्या आत साफ करायचे. ज्यांना यायचंय त्यांनी रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून यावं, पोरांना आणू नये, झाड मुळासकट उपटावं. अण्णांना मात्र कोणी बोलवायला जाऊ नका.