पानात पडलेलं

पोकर खेळणाऱ्यांत एक म्हण आहे. पहिल्या अर्ध्या तासात टेबलावरचा मामा कोण हे ओळखता आलं नाही, तर तो मामा आपणच. मूळ म्हणीत अर्थात मामा नाही, पण मराठीत या माणसाला दुसरा शब्द नाही. मला हा खेळ माझ्या भाच्याने शिकवला. तो मला जन्मापासून मामाच म्हणत आल्यामुळे टेबलावर बसल्यावर वेगळं काही वाटलं नाही.

ॲप त्यानेच मोबाइलवर उतरवून दिलं. नाव विचारलं गेलं तेव्हा मी ऐटीत 'शकुनी' लिहिलं. ते आधीच कोणीतरी घेतलं होतं, म्हणून ॲपने 'शकुनी 412' सुचवलं. म्हणजे माझ्याआधी चारशे अकरा शकुनी गादीवर बसून गेले असावेत. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, पण तो मामा जिंकायचा."

टेबल एक-दोन रुपयांचं. पत्ते वाटण्याआधीच एकाने एक रुपया आणि त्याच्या शेजाऱ्याने दोन रुपये मधल्या पॉटमध्ये टाकायचे, की डाव सुरू. बसताना दोनशे रुपये घेऊन बसायचं. दोनशे रुपयांत आमच्या नाक्यावर दोन मिसळी येतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी किती मिसळी हरलो, हा हिशेब बायकोने परस्पर ठेवला होता.

हरण्याचं कारण माझे संस्कार. आमच्या घरी आत्याचा दंडक होता, की पानात पडलेलं टाकायचं नाही. तो मी पत्त्यांच्या पानांनाही लावला. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात यांत वाढलेलं मुकाट्याने खेळावंच लागतं. पोकरमध्ये हातात दोनच पानं येतात आणि ती आवडली नाहीत तर मिटून ठेवता येतात. याला फोल्ड म्हणतात. मला ते उष्टं टाकल्यासारखं वाटे. चौकटची नव्वी आणि किल्वरची तिर्री आली तरी मी म्हणायचो, आलेल्या पाहुण्याला चहा तरी विचारू. दोन रुपयांचा चहा व्हायचा, मग पाचाची भजी, मग पंधराचं जेवण, आणि शेवटी पाहुणा माझंच पाकीट घेऊन जायचा.

भाच्याने एक तक्ता पाठवला. रंगांची अदलाबदल सोडली तर दोन पानांच्या जोड्या 169 प्रकारच्या. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याइतक्याच खेळायच्या आणि बाकीच्या न कुरकुरता मिटायच्या. ॲपवर तासाला साठ-सत्तर डाव व्हायचे. म्हणजे तासाला पन्नासेक वेळा 'नाही' म्हणायचं. इतके नकार मी उभ्या आयुष्यात दिले नव्हते. सलग नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तो त्यामुळेच.

पण पानं मिटून बसल्यावर दुसऱ्यांकडे बघायला वेळ मिळायला लागला. तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस खरंच चांगली पानं असली की बराच वेळ विचार केल्याचं नाटक करतो. पाचव्या खुर्चीवरचा कधीच काही मिटत नाही, बहुधा त्यालाही आत्या असावी. पहिल्या महिन्यात मला यातलं काही दिसलं नव्हतं, कारण मी सतत खेळत होतो.

मग गणित आलं. समजा, माझ्याकडे बदामाची दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या चार पानांत बदामाची दोन, आणि शेवटचं एक पान उलटायचं बाकी. पाचवा बदाम आला तर डाव माझा. न पाहिलेली पानं 46, त्यांत बदाम 9. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा. पॉटमध्ये तीस रुपये आहेत आणि समोरच्याने पंधरा लावले. मी पंधरा दिले तर पॉट साठाचा होतो. साठात माझे पंधरा, तेव्हा चारांत एकदा तरी जिंकलो तरच सौदा परवडतो. पाचांत एकदा येणारा माल चारांत एकदाच्या भावाने घ्यायचा नाही. एवढी अक्कल मला मेथीची जुडी घेताना नेहमीच होती. बदाम दिसले की मात्र ती पिशवीसकट हरवायची.

याच काळात नळराजाची गोष्ट पुन्हा आठवली. वनपर्वात द्यूतात सर्वस्व गमावलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि दोघे रथ भरधाव सोडून अयोध्येहून आपल्या विदर्भाकडे निघतात. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. राजाला उशीर होत असतानाही तो रथ थांबवून मोजायला लागतो, आणि आकडा बरोबर निघतो. मग सौदा होतो. नळाने अश्वविद्या द्यायची, ऋतुपर्णाने अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म. ते मिळताच नळाला झपाटून द्यूताला बसवणारा कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. पुढे ज्याच्याशी द्यूतात हरला त्या पुष्कराकडून नळ राज्य परत जिंकतो.

लहानपणी मला यात चमत्कार दिसायचा. आता दिसते ती शिकवणी. फाशांतलं मर्म सांगणारा गुरू पानं मोजून दाखवतो, हा योगायोग म्हणवत नाही. आणखी गंमत म्हणजे ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात ती धर्मराजाला, वनात, सगळं हरून झाल्यावर. आणि त्यालाही ते अक्षहृदय शिकवतात. क्लास लावायची बुद्धी हरल्यावरच होते, ही परंपरा तेव्हापासूनची.

मात्र गणित आलं म्हणून कली लगेच निघत नाही. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. एका रात्री ती मला आली. समोरच्याने सत्ती-दुर्रीवर, म्हणजे सगळ्यांत भिकार समजल्या जाणाऱ्या पानांवर, सगळे पैसे लावले आणि तो जिंकला. अशा सामन्यात एक्के आठांत एकदा हरतातच. हे मला पाठ होतं. तरी पुढचा पाऊण तास मी हाताला येईल ते पान खेळत सुटलो. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्राला फार धक्के दिले की त्यावर टिल्टचा दिवा लागतो आणि खेळ बंद पडतो. माणसाला तसा दिवा नाही. मला होता. बायको दारात येऊन उभी राहायची.

त्या रात्रीनंतर वही घातली. त्यात किती जिंकलो हे लिहायचं नाही, कुठे चुकीचं खेळलो तेवढंच. बरोबर खेळून हरलो तर चूक नाही, आणि गाढवपणा करून जिंकलो तर ती चूकच. दहावीच्या निकालापासून बढतीपर्यंत सगळं शेवटच्या आकड्यावर मोजणाऱ्या माणसाला ही वही फार जड गेली. शिवाय प्रत्येक पॉटमधून ॲप आपला वाटा काढून घेत होतं. टेबलावरचे सहाही जण सारखेच हुशार असले तरी सहाही जण हळूहळू हरत राहणार. वर 2023 च्या ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशावर 28 टक्के जीएसटी लागत होता. तरीही पहिल्या महिन्यात 1840 रुपये तोटा होता, तो सहाव्या महिन्यात 310 वर आला. तोटा घटणं यालाच मी प्रगती म्हणायला लागलो होतो. आणि मग ऑगस्ट 2025 च्या पहिल्या पंधरवड्यात, एकोणीस तास खेळून, मी 42 रुपये नफ्यात आलो. तासाला सव्वादोन रुपये.

याची दखल थेट संसदेने घेतली. 20 ऑगस्टला लोकसभेत विधेयक मंजूर झालं, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद. सोसायटीच्या गळक्या टाकीचा ठराव यापेक्षा जास्त दिवस घेतो. भाचा हळहळला. मी फारसा नाही. मिसळीच्या हिशेबात खेळणाऱ्याचं काय जातं? ज्यांचे पगार आणि दागिने त्या पडद्यात गेले, त्यांच्या घरी त्या रात्री कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला असेल. ॲपने उरलेले पैसे बँकेत परत पाठवले आणि शकुनी 412 निवृत्त झाला.

पाच दिवसांनी गणपती आले. कोकणातल्या घरी जागरणाला सतरंजी पसरली आणि मेंढीकोटाचा डाव बसला. समोर भिडू म्हणून आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. दहाव्या हातालाच ती मला म्हणाली, "इस्पिकाची अकरा गेली. राणी तुझ्याकडे आहे, आणि दश्शी या पोराकडे. राणी दाबून काय बसलायस मेल्या?" भाच्याने हातातली दश्शी छातीशी धरली. चष्मा तर तिने काढून ठेवला होता.

"आत्या, हे तुला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? आम्हा मुलींना खेळायला कुठे घ्यायचे! मागे बसून पंधरा वर्षं नुसती बघत होते."

पुढचा डाव वाटला गेला. मी तेरा पानं उचलून पंखा केला. एकही एक्का नाही, चित्र म्हणावं तर चौकटचा एकटा गुलाम. वर्षभराच्या सवयीने हात आपोआप पानं मिटायला निघाला.

आत्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मी पंखा पुन्हा उघडला.