रिजेक्शनवाले काका

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कोणाला काही घ्यायचं असलं, की आधी पैसे जमवतात आणि मग काकांना पत्ता लागू नये याची व्यवस्था करतात. काकांना कळलं, की खरेदी सहा महिने पुढे गेलीच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी कंट्रोलला काढली. समोरच्या मालात खोट असतेच, ती आपल्याला अजून सापडलेली नसते, ही त्यांची श्रद्धा. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळसुद्धा त्यांनी भाषणं संपेपर्यंत कानाला लावून तपासलं होतं.

अशा माणसाच्या घरी पूल टेबल यावं, हा योगच. भाचा कॅनडाला गेला आणि त्याचं सात फुटी टेबल मामाच्या हॉलमध्ये येऊन बसलं. क्यू जवळजवळ पाच फुटांचा. त्यामुळे खिडकीकडून शॉट मारायचा, तर क्यूचं मागचं टोक ग्रिलच्या गजांतून बाहेर काढावं लागतं. काकूंची मात्र तक्रार नाही. प्लायवूड टाकून त्या टेबलावर इस्त्री करतात, भाजी निवडतात. एवढा ऐसपैस ओटा त्यांना उभ्या संसारात मिळाला नव्हता.

अडलं ते बॉलवर. भाच्याच्या सेटमधले दोन बॉल हरवलेले, बाकीच्यांचे टवके उडालेले. "नवा सेट आणू, एका रविवारचं काम," काका म्हणाले. काकू नुसत्या हसल्या.

पहिले काही रविवार नियमांच्या अभ्यासात गेले. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, हे काकांना पटलं. वजन मात्र १५६ ते १७० ग्रॅममध्ये काहीही चालतं, हे वाचून ते संतापले. "चौदा ग्रॅमची सूट? हा काय कांदेबटाट्यांचा बाजार आहे?" मुद्दा अगदीच खोटा नव्हता. एका सेटमधले सगळे बॉल एकमेकांच्या तोलाचे हवेत. क्यू बॉल इतरांपेक्षा जड असला, तर कितीही खालून मारा, धडकल्यावर तो हवा तसा मागे फिरत नाही.

मग खिशात व्हर्नियर घालून काका धोबी तलावला पोहोचले. दुकानदाराने आधी पॉलिएस्टरचा स्वस्त सेट काढला, मग फिनॉलिक रेझिनचा बेल्जियमचा. हे बॉल टणक, लवकर झिजत नाहीत, वगैरे तो सांगत होता. काकांनी त्याला हस्तिदंतापासून इतिहास ऐकवला. हस्तिदंत महाग, म्हणून १८६३ साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीने पर्यायासाठी १० हजार डॉलरचं बक्षीस लावलं आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हयातने सेल्युलॉइडचा बॉल काढला. "पण सेल्युलॉइड पेट घेतं!" काका कडाडले. "इन्स्पेक्शन कोणी केलं होतं?"

दुकानदार टेकीला आला. "काका, पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. तो काय असा बॉल मोजत बसला होता?"

"मोजले असते तर आधीच झाला असता."

शेवटी सेट पसंतीवर घरी आला. सोळाही बॉलना व्हर्नियर लागला. मग पिशवी घेऊन स्वारी नौपाड्यात सराफाकडे. काळा आठ नंबर काट्यावर ठेवताच सराफाने सवयीने विचारलं, "मोड आहे का?" सगळी वजनं जुळली. गोल्फवाले तोल तपासायला चेंडू मिठाच्या पाण्यात तरंगवतात, असं कुठेसं वाचून काकांनी तेही केलं. फिनॉलिक बॉल पाण्याच्या पावणेदोनपट जड. तो दगडासारखा तळाशी गेला. काकूंचं लोणच्याचं मीठ संपलं, एवढाच निष्कर्ष निघाला.

खोट सापडेना, तसा काकांचा चेहरा उतरला. जेवणावरची वासना गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेरून आनंदाची आरोळी आली: खोक्याचा एक कोपरा दबलेला होता! सेट दुपारच्या लोकलने परत गेला.

सोसायटीतली पोरं तोवर टवके उडालेल्या बॉलनी खुशाल खेळतात. हरवलेल्या अकरा नंबरच्या जागी मोठंसं लिंबू ठेवतात आणि ते पॉकेटमध्ये गेलं, की काकू सरबत करतात.

काट्याने काटा काढावा म्हणून दुकानदाराने डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाशी काकांची गाठ घालून दिली. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना बॉलपेक्षा गॅरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं महत्त्वाची. दोघं एकमेकांना कंटाळतील, असा त्याचा हिशेब. आता दोघं दर शनिवारी जोडीने जातात. डोंबिवलीकर येतात त्याच लोकलला काका ठाण्याला चढतात. एक मोजतो, दुसरा वाचतो. दुकानदाराने हार मानून काउंटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या. परवा काकांनी त्यातली एक उलटी करून पाय मोजले. एक पाय दोन मिलिमीटर तोकडा निघाला. घरी आले ते शीळ घालतच, आणि त्या रात्री काकूंकडे त्यांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला.