कोंड्याचे भरघोस पीक : नवशिक्यांसाठी

बियाण्याची चिंता नको. मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर बिनभाड्याने राहतेच. रान मात्र वयात आलेले हवे. तैलग्रंथी कामाला लागल्याशिवाय ते तयार होत नाही, म्हणून आठ-दहा वर्षांच्या पोराकडून उत्पन्नाची फार आशा धरू नये.

खत म्हणजे तेल. या बाबतीत आजीचे डोळे मिटून ऐकावे. पांढरे पडताना दिसले की ती म्हणेल, ‘डोकं कोरडं पडलंय रे, तेल थाप!’ थापावे आणि रात्रभर मुरू द्यावे. बुरशीला जगायला मेदाम्ले लागतात आणि ती तिला स्वतःला बनवता येत नाहीत. प्रयोगशाळेत तिला वाढवताना मुद्दाम ऑलिव्ह तेल घालतात. इथे तर वाटीभर फुकट! शिवाय तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दोन दिवस खांदे स्वच्छ दिसतात आणि आजीचे म्हणणे खरे ठरते.

हे तेल फोडताना बुरशी ओलेइक आम्ल मागे टाकते. कुणाला ते सोसते, कुणाला नाही. ज्यांना सोसत नाही त्यांना खाज सुटते. एरवी सुमारे महिनाभराने वर येऊन गळणाऱ्या पेशी घाईघाईने, अर्धवट पिकलेल्या, गठ्ठ्याने सुटतात. माल मोजायला गडद निळा शर्ट उत्तम.

पाणी घामाचे चालते. डोके आठवडाभर धुऊ नये. घाम आलेल्या केसांवर हेल्मेट चढवून तासभर हिंडावे. (पुणेकरांनी हे वाक्य हेल्मेटविरोधी मोर्चात वापरू नये, दोष न धुतलेल्या डोक्याचा आहे.) मशागतीला नखे पुरतात. ओरखड्यांवर लिंबू चोळल्यास झोंबते आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

भेसळ ओळखा. केसाला घट्ट चिकटलेले, झटकून न पडणारे पांढरे कण म्हणजे लिखा; तो उवांचा धंदा. कलप लावल्यावर खाज, सूज आली तर ती बहुधा त्यातल्या रसायनाची ॲलर्जी. तो कलप पुन्हा लावू नका, थट्टा नाही. जाड, रुपेरी खपल्या कपाळावर उतरू लागल्या तर सोरायसिसची शंका घ्यावी.

या पिकाचा शत्रू म्हणजे केटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू. तो आठवड्यातून दोनदा लावून तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवायचा असतो. पीक वाचवायचे तर लावल्या लावल्या धुऊन टाका आणि ‘काही उपयोग नाही’ असे शेजाऱ्यांना सांगा. चुकून कोंडा गेलाच, तर शाम्पू कायमचा बंद करा; तो परत येतो.

महिनाभर शाम्पू नीट वापरूनही खाज हटली नाही, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांसोबत केस गळून चट्टा पडला, तर ही पुस्तिका बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुलांमधला तो चट्टा बहुतेकदा नायटा असतो आणि नुसत्या शाम्पूने जात नाही, पोटातून औषध घ्यावे लागते.