बाहेरची बाजू गावाची

घराला चाकं लावली की ते घर राहत नाही, सार्वजनिक प्रश्न होतो. नंदुरबारात तरी तसंच आहे. गावाबाहेर चुलतभावाच्या खळ्यात एका जुन्या ट्रॉलीचा सांगाडा गंजत पडला होता. निवृत्तीनंतर मी त्यावर प्लायवूडची खोली उभी केली. आत दोन फळ्यांचे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकी. हे होईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आतल्या बाजूबद्दल आजतागायत कुणी तोंड उघडलेलं नाही. बाहेरून रंग द्यायचा म्हटल्यावर मात्र खळ्यात माणसं जमायला लागली. आतली बाजू मालकाची, बाहेरची गावाची. अशी नोंद कुठल्याही सातबाऱ्यावर नसते, पण ती सगळ्यांना पाठ असते.

"हाई काय शे, सर?"

"कॅम्पिंग ट्रेलर. फिरायला जायचं आणि यातच राहायचं."

"पेन्शन चालू नाही झाली का अजून?"

आपण हे करणारे पहिले नाही, असं सांगून पाहिलं. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने हौसेखातर चाकांचं घर बांधून घेतलं होतं. नाव ‘वाँडरर’. घोडे ओढणार, अंगाला महोगनी लाकूड, सोबत गडी, गाडीवान, कुत्रा आणि एक काकाकुवा. चुलतभावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोपटाचं काय काम?" मग अमेरिकेतल्या वॉली बायमचं उदाहरण दिलं. त्याने १९३६ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारून ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ काढला आणि रंगाची भानगडच ठेवली नाही, नुसता चकचकीत पत्रा. यावर आमच्या घरून प्रतिक्रिया आली, "म्हणजे रोज राखेने घासायचा कोणी?"

मी चित्रकलेचा शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांना पोरं बसवण्यात हयात गेली. त्यामुळे रंग या विषयात मला काही अवघड नाही, असा सगळ्यांचा समज. आणि म्हणूनच मला सल्ला देण्याची प्रत्येकाला खुमखुमी. वर्गात मी निळा-हिरवा हे शीत रंग म्हणून शिकवत आलो. छपराच्या पत्र्याच्या एका तुकड्यावर निळा, हिरवा, तपकिरी, पांढरा असे पट्टे मारून मे महिन्याच्या भर दुपारी ठेवले. आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथेच ठाण मांडतो. ज्याला निळा रंग शीत वाटतो त्याने त्या पट्ट्यावर तळवा टेकवून दाखवावा. गडद रंग ऊन पितो, पांढरा ते परत पाठवतो. सूर्यापुढे रंगचक्र चालत नाही. पांढऱ्या पट्ट्यावर मात्र हात ठेवून मी चुलतभावाशी दोन शब्द बोलू शकलो.

पण पांढरा एवढ्या सहजासहजी मंजूर होणार नव्हता. सैन्यातून परत आलेल्या शेजाऱ्यांनी मिलिटरी हिरवा सुचवला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्यासाठी राखून ठेवलाय, हे मी त्यांना सांगितलं. ते खूश झाले. त्यांना रंग नको होता, नियम कुणाला तरी माहीत असायला हवा होता. भगवा, निळा, हिरवा यांपैकी काहीही दिलं तरी निवडणुकीत ट्रॉली कुणाच्या तरी प्रचाराला जुंपली जाणार, ही चुलतभावाची धास्ती. उरला पांढरा. त्यावर "ॲम्ब्युलन्स वाटेल" एवढाच आक्षेप आला, आणि आजारी माणसाला कुणी रस्त्यात अडवत नाही, या मुद्द्यावर तो फेटाळला गेला.

आता रंग कोणता याहून मोठा प्रश्न, तो टिकणार कसा. खळ्यात उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या ट्रॉलीच्या फाळक्यावरून हात फिरवा. तळहाताला रंगाची पूड लागते. उन्हातले अतिनील किरण रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ तोडतात, मग रंगद्रव्य सुटं होऊन खडूच्या भुकटीसारखं हाती येतं. शिवाय प्लायवूडची गोम त्याच्या कडांत असते. वरचा पापुद्रा कितीही सुंदर असो, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय आणलं तरी कड उघडी ठेवली की गेलं. म्हणून सुताराने आधी प्रत्येक कडेला टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं जवसाचं तेल पाजलं. कड ते इतक्या आवडीने पीत होती की सुताराला स्वतःच्या चहाची आठवण झाली. जाता जाता एक सांगतो, या तेलाने भिजलेले चिंध्यांचे बोळे एका जागी गोळा करून ठेवू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा काडी न लावता पेटतो. दोरीवर सुटे वाळत घाला.

पेंटर आमचा ट्रक रंगवणारा. त्याच्या धर्मात ऑइलपेंटशिवाय दैवत नाही. मी म्हटलं, लोखंडी सांगाडा सगळा तुमचा. तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साईड मारा, वर ऑइलपेंट चढवा, मडगार्डवर मोर काढा. पण लाकडाला कापड चिकटवून त्यावर घराच्या बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग द्यायचा. तो ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "सर, भिंतीचा रंग? गाडीला?" प्लाय पावसात फुगतं, उन्हात आकसतं. ऑइलपेंट वय वाढेल तसा कडक होतो आणि तडकतो. तड्यातून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, आणि वरून चकाचक दिसणारं लाकूड आतून कुजतं. ॲक्रिलिकला थोडी लवचिकता असते, तो लाकडाबरोबर हलतो. लाकडी होड्यांच्या डेकवर कॅनव्हास ताणून रंगवण्याची रीत फार जुनी आहे. हे सगळं मी फळ्यावर शिकवल्यासारखं शिकवलं. पेंटर म्हणाला, "मोर कुठल्या बाजूला तोंड करून काढू?"

कापड आणायला मी एकटाच गेलो. दुकानात मांजरपाट मागितला. दुकानदाराने गल्ल्यावरून उठून, आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, सर?" मी म्हटलं, कुणी नाही, गाडीला गुंडाळायचाय. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मापं सांगितली: छप्पर, दोन्ही बाजू, पुढचा-मागचा भाग. माप वाढत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. अख्ख्या कुटुंबाचं काही बरंवाईट झालं असावं, असा त्याचा ग्रह झाला असणार. त्याने कापड मापून दिलं, पैसे घेताना "घाई नाही" म्हणाला, आणि संध्याकाळी दुकान वाढवून थेट आमच्या घरी आला. मी दार उघडलं. त्याला बरं वाटलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रंगाच्या मुहूर्ताबद्दल पंचांग गप्प आहे. पावसाळ्यात रंग वाळत नाही. मेमध्ये ब्रश उचलायच्या आत त्यावर साय धरते आणि फोड येतात. राहिला हिवाळा. हिवाळा म्हणजे नंदुरबारात मिरची. बाजार समितीत लाल मिरचीच्या गाड्या लागतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते. नजर जाईल तिथवर लाल. आमचं खळं त्या पथाऱ्यांच्या वाऱ्याखाली. पहिला हात ओला असतानाच वारा सुटला. बिया येऊन चिकटल्या, टरफलाचे कण चिकटले, आणि पेंटरने कॉम्प्रेसर चालू करून गन उचलली तेव्हाच त्याला शिंक आली. गन हातात असताना माणूस शिंकला की जो फवारा उडतो त्याला चित्रकलेच्या अभ्यासक्रमात नाव नाही. पेंटरनंतर सुतार शिंकला, मग मी, मग चुलतभावाचा बैल. घासून, पुसून वर दोन हात मारले, तरी खालून एक गुलाबी झाक राहिली ती राहिलीच.

त्याच झाकेने सारंगखेड्यात भाव खाल्ला. दत्तजयंतीला तापीकाठी तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशापासून जनावरं येतात. चुलतभावाचा ट्रॅक्टर, माझं डिझेल, मागे लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, असे आम्ही पोचलो. सकाळी एक घोड्यांचा व्यापारी ट्रेलरभोवती फिरत होता. त्याने तळव्याने कातडी चाचपली, वाकून चाकं बघितली, मागच्या बाजूला भोवरा वगैरे आहे का पाहिलं आणि निकाल दिला, "नुकरा आहे." पांढरं अंग आणि खाली गुलाबी कातडी म्हणजे नुकरा, या जातीच्या घोड्याला मागणी फार. मग त्याने दार उघडून आत डोकावलं. दात मोजत असावा. "केवढ्याला?" एकाने विचारल्यावर दुसऱ्याने विचारलं, आणि दुपारपर्यंत गर्दी जमली. विकायचा नाही म्हटल्यावर भाव आणखी वाढला.

घरी आल्यावर सौ.ने जाहीर केलं की एवढ्या लोकांनी बघितलं म्हणजे दृष्ट लागणारच. मी मरीन प्लाय, जवस, मांजरपाट, ॲक्रिलिक अशी संरक्षणाची सगळी फळी तिच्यासमोर उभी केली. ती म्हणाली, "ते सगळं पावसासाठी. नजरेसाठी काय केलंत?" मी बाजारात गेलो असताना सुताराला बोलावून तिने दारावर, छपराच्या अगदी खाली, एक हुक मारून घेतला आणि त्याला लिंबू-मिरची लटकवली. स्क्रू कापडातून, प्लायमधून आरपार.

पावसाळ्यात तोरणमाळला गेलो. सातपायरी घाटात ट्रॅक्टर धुक्यात पुढे दिसेनासा झाला, पण खेचत राहिला. यशवंत तलावाजवळ मुक्काम केला आणि रात्री सातपुड्यावर पाऊस कोसळला. मी टॉर्च घेऊन एकेक कड, एकेक सांधा तपासत होतो. सगळं कोरडं. छप्पर कोरडं, खिडकी कोरडी. फक्त दाराच्या वरून, त्या हुकाच्या भोकातून, थेंब थेंब पाणी माझ्या उशीवर पडत होतं.

मी सौ.ला उठवून बोट दाखवलं. तिने हुकाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

"निभावलं एवढ्यावर," ती म्हणाली. "मिरची नसती तर अख्खं छप्पर गळलं असतं." आणि कूस बदलून झोपली.