गुगलवरून साभार

२०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रयोग झाला. उचललेला मजकूर इतका निघाला की तिथले संपादक पुसून पुसून दमले आणि प्रयोग त्याच वर्षी गुंडाळला गेला. पोरांचा दोष तरी काय? निबंध गाइडातून उतरवला की ‘छान’ असा शेरा मिळतो, हे शाळेनेच शिकवलेले. विकिपीडियाच्या चर्चापानावर मात्र कुणी अनोळखी इसम ‘संदर्भ द्या’ म्हणतो, म्हणजे अपमानच!

चित्रांचे तर विचारूच नका. खाली ‘गुगलवरून साभार’ लिहिले की आभार पोचले, हक्क मिटले. भारतात छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, असे सांगणारा खडूस. ‘व्यापारी वापर नको’ अशी अट असलेला फोटोही विकिमीडिया कॉमन्स हे विकिपीडियाचे चित्रभांडार घेत नाही, असे सांगणारा तर आडमुठाच. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो मात्र आपल्या कायद्याला खुशाल चालतो. पण त्यासाठी चौकापर्यंत चालत जावे लागते, आणि गुण तर तेवढेच मिळणार ना, सर?